एकांकिकेतला विचार पोचवायचा कसा: पात्र, अभिनय आणि शैली यांचा क्रम

एकांकिका स्पर्धांच्या प्राथमिक फेरीत बसलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. अर्धा तास बरी चाललेली एकांकिका अचानक थांबते. एक पात्र रंगमंचाच्या पुढच्या कडेला येतं, त्याच्यावर स्पॉट पडतो, मागे बासरी सुरू होते आणि ते पात्र समाजाला जाब विचारू लागतं. मित्रमंडळी टाळ्या वाजवतात. परीक्षकांच्या कागदावर ‘विषय चांगला’ एवढंच उरतं.

विषय खरंच चांगला असतो, घोळ क्रमात झालेला असतो. बहुतेक गट आधी विषय ठरवतात, मग लगेच शैली (‘या वर्षी लोककला वापरू’), मग संवाद, आणि पात्रं शेवटी संवाद वाटण्यापुरती येतात. इथे दिलेला क्रम वेगळा आहे: प्रश्न, माणूस, कृती, अभिनय, शैली, आणि मग कात्री. सगळे टप्पे समजायला सोपे जावेत म्हणून एकच काल्पनिक एकांकिका उदाहरणाला घेतली आहे. विषय दर वर्षी कुठला ना कुठला गट घेतोच असा: ऊसतोड कामगार बायका आणि पाळीमुळे काम बुडू नये म्हणून होणाऱ्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया.

तालमीआधीची तयारी

नियमपत्रक आधी वाचा, पूर्ण वाचा. सादरीकरणाची वेळ, नेपथ्य लावायला-काढायला मिळणारी मिनिटं आणि रंगमंचावरच्या माणसांची मर्यादा प्रत्येक स्पर्धेत वेगळी असते. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो. तिथे प्रकाशाच्या करामतींवर आठवडा घालवणं म्हणजे आठवडा वाया. संहिता दुसऱ्याची असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागणार असेल तर संहिता वेळेत पाठवा, तो कागद शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

मग विषयाची माहिती. आमच्या उदाहरणात गटातल्या प्रत्येकाला, अगदी पार्श्वसंगीतवाल्यालासुद्धा, काही शब्द अर्थासकट माहीत हवेत. ‘कोयता’ म्हणजे हत्यार, आणि नवरा-बायकोची जोडीही. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा, मजूर मोजतो ते असे जोडीनं. ‘उचल’ म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी काम करून फेडायची. ‘खाडा’ म्हणजे कामाला न आलेला दिवस, ज्याचे पैसे कापले जातात. शिवाय फड (तोडणी चालू असलेलं उसाचं शेत), मोळी (बांधलेला उसाचा भारा), कोपी (मजुरांची झोपडी), टोळी (एका मुकादमाचे मजूर). या शब्दांतच अर्धं नाटक आहे: दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव.

ही माहिती वर्तमानपत्रांतून मिळते. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारनं चौकशी समितीही नेमली होती, त्यामुळे तेव्हाच्या बातम्या भरपूर आहेत. पण तेवढ्यावर थांबू नका. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत बीड, जालना, परभणीकडची मुलं असतात. आधी त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडून आकडे नका मागू. ट्रक गावातून निघतो त्या रात्री घरात काय चालतं, ते विचारा.

टप्पा १: विषयाचा प्रश्न करा

‘स्त्रियांचं शोषण’ हा विषय झाला. त्यावर नाटक उभं राहत नाही, कारण त्याच्या विरुद्ध बाजूला कुणीच उभं नसतं. शोषण वाईट आहे, हे प्रेक्षक घरूनच ठरवून आलेला असतो.

वहीत एकच वाक्य लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं. उदाहरणार्थ: एखाद्या बाईनं स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय स्वतः घेतला, पण तो कर्जाच्या हिशेबातून घेतला, तर तो तिचा निर्णय म्हणायचा का?

तपासणी: गटातल्या दोघांना हा प्रश्न देऊन दहा मिनिटं भांडायला लावा. दोघांनाही मनापासून भांडता आलं तर प्रश्न जिवंत आहे. एकाला मुद्दाम वाईट माणसाची बाजू घ्यावी लागली, तर परत लिहा.

टप्पा २: प्रश्न ज्याला महागात पडतो तो माणूस शोधा

पात्र म्हणजे मताचा प्रवक्ता नव्हे. इथे ‘पुरोगामी मुलगी’, ‘सनातनी बाप’, ‘भ्रष्ट पुढारी’ अशी लेबलं लावून गट मोकळे होतात आणि मग प्रत्येक पात्र आपल्या लेबलाला शोभेल तेच बोलतं.

प्रत्येक पात्रासाठी तीन ओळी लिहा: आज रात्रीपर्यंत याला काय हवंय? ते मिळालं नाही तर काय जाईल? आणि हा काय लपवतोय?

शेवंता: उद्या पहाटे ट्रक निघतो. उचल घेतली आहे, ती नणंदेच्या लग्नात संपली. दर महिन्याला चार-चार दिवस अंगावरून इतकं जातं की उभं राहवत नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं ‘पिशवी काढून टाक’ म्हणून सांगितलंय. ती लपवतेय ते हे, की मागच्या हंगामात ती फडातच दोनदा चक्कर येऊन पडली होती.

बाबू, तिचा नवरा: त्याला तिची काळजी आहे, पण तिच्याशिवाय तो अर्धा कोयता आहे, आणि अर्धा कोयता कुणी नेत नाही.

मुकादम दत्ताभाऊ: शस्त्रक्रियेचे पैसे द्यायला तयार आहे, उचलीत वाढवून. इथे सगळे गट घसरतात. मिशांना पीळ, गळ्यात साखळी, बाईकडे वाईट नजर. असा मुकादम उभा केलात की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, कारण दोष द्यायला माणूस मिळाला. त्याऐवजी त्याच्याही तीन ओळी प्रामाणिकपणे भरा. त्यानं कारखान्याकडून टोळीच्या नावावर पैसे घेतलेत. गेल्या वर्षी एक जोडी उचल घेऊन पळाली तेव्हा त्याला स्वतःचं शेत विकावं लागलं. शेवंताच्या पोरासाठी तो येताना खोकल्याचं औषध घेऊन आलाय. आता तो ‘पैसे मी देतो’ म्हणतो तेव्हा प्रेक्षकाला त्याच्याकडे सरळ बोट दाखवता येत नाही, आणि प्रश्न प्रेक्षकाच्या मांडीवर येऊन बसतो.

तपासणी: संहितेतली पात्रांची नावं पट्टीनं झाका. संवाद वाचून कोण बोलतंय ते ओळखता येत नसेल, तर सगळी पात्रं लेखकाच्याच आवाजात बोलताहेत.

इशारा: बोलीभाषा ‘ग्रामीण’ अशी सरसकट नसते. मराठवाड्यात ‘काय करायलास’ कानावर पडतं. सिनेमातलं ‘करतुया-जातुया’ तिथल्या माणसाच्या तोंडी घातलंत तर पात्र पहिल्याच वाक्याला खोटं ठरतं. बोली जमत नसेल तर साधी मराठी ठेवा आणि शब्द तिथले वापरा.

टप्पा ३: विचाराला कृतीत आणा

आता एक प्रसंग ठरवायचा, ज्यात कुणीतरी डोळ्यांदेखत काहीतरी करतं आणि ते परत फिरवता येत नाही. विचार त्या कृतीत बसला पाहिजे.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची रचना यासाठी टेबलावर घेऊन बसा. मंडळी वेळ घालवायला अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात, बेणारेबाई खेळातल्या आरोपी होतात आणि खेळ हळूहळू खरा होत जातो. समाज एकट्या बाईला कसा घेरतो, हे प्रेक्षकाला खेळाच्या नियमांतून कळतं: साक्ष, उलटतपासणी, पिंजरा. बेणारेबाईंचं मोठं स्वगत शेवटाकडे येतं खरं. पण तोवर खेळानं तिची सगळी दारं बंद केलेली असतात, आणि ती बोलत असताना बाकीची पात्रं स्तब्ध असतात, ते कुणीच ऐकत नाही. ‘मग त्यांनी भाषण ठेवलंच की’ असं म्हणणाऱ्यांनी ते कुठे ठेवलंय ते आधी पाहावं.

आमच्या उदाहरणातली कृती: शेवंता हिशेबात हुशार आहे. मुकादमाच्या वहीतली बेरीज ती स्वतः करते आणि शेवटी स्वतःच सही करते. अंगठा नाही, सही. ती शिकलेली आहे, तिला सगळं कळतंय, आणि तरीही. अडाणी, फसवली गेलेली बाई दाखवली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता.

तपासणी: सगळे संवाद काढून प्रसंग मुकाट्यानं करून पाहा. कुणी कुणाला काय दिलं, कुणी काय नाकारलं, एवढं परक्याला कळलं पाहिजे.

टप्पा ४: अभिनय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाच आठवडे असतील तर निदान अडीच.

*क. भावना वाटू नका, क्रियापदं वाटा.* ‘इथे तू दुःखी आहेस’ असं सांगितलं की नट चेहरा पाडतो आणि आवाज ओला करतो. दिसतं ते दुःखाचं चित्र. त्याऐवजी प्रत्येक वाक्याच्या समासात, त्या वाक्यातून पात्राला समोरच्याच्या बाबतीत काय करायचंय ते लिहा: टाळणं, चाचपणं, लाजवणं, घाई करणं, गप्प करणं, मनवणं. दत्ताभाऊचं ‘घे, आधी चहा घे’ हे वाक्य ‘मनवणं’ म्हणून म्हणा, मग ‘घाई करणं’ म्हणून म्हणा. शब्द तेच, पण दोन वेगळे मुकादम उभे राहतात. कुठला ठेवायचा, ते टप्पा एकमधला प्रश्न सांगतो.

*ख. हाताला काम द्या, आणि ते काम प्रसंगाचं असू द्या.* शेवंता बोलताना हंगामाचं सामान बांधतेय: भांडी, गोधड्या, पोराचे कपडे. बाबू कोयत्याला धार लावतोय. आता ‘डॉक्टर काय म्हणाले?’ या प्रश्नावर धारेचा आवाज थांबतो की तसाच चालू राहतो, एवढ्यावर नवऱ्याबद्दलचं प्रेक्षकाचं मत बदलतं. हे काम पहिल्या आठवड्यापासून खऱ्या वस्तूंनी करा. धार लावण्याच्या कामात मात्र तालमीला आणि प्रयोगालाही बोथट पातंच वापरा. हवेतली भांडी बांधून तयार झालेला नट प्रयोगाला खरं भांडं हातात आल्यावर वाक्य विसरतो. हा अनुभव सार्वत्रिक आहे, तरी प्रॉपर्टी (रंगमंचावर वापरायच्या वस्तू) आदल्या दिवशीच का येते, हे कोडं मला सुटलेलं नाही.

*ग. उलट बाजूनं खेळून पाहा.* प्रसंग जड असेल तर एक तालीम हलकी करा. शेवंता हिशेब करताना मजेत आहे, जणू कोडं सोडवतेय. तिला आकड्यांची गोडी आहे, आणि घरात कुणी तिला हिशेब करू देत नाही. बेरीज पटापट सुटतेय याचा तिला आनंद होतो, आणि बेरीज तिच्याच शरीराची आहे. गंभीर चेहऱ्यानं केलेला तोच हिशेब याच्या निम्माही पोचत नाही.

*घ. पॉज मोजून ठेवा.* पॉज म्हणजे वाक्य विसरल्यासारखं थांबणं नव्हे. पॉजमध्ये पात्र काहीतरी ठरवतं. प्रत्येक पॉजला वहीत एक ओळ लिहा: ‘इथे तिला कळतं की बाबूला आधीच माहीत होतं.’ ओळ लिहिता आली नाही तर पॉज काढा. आमच्या उदाहरणात फार तर तीन मोठे पॉज पुरतात. दहा ठेवलेत तर एकाचीही किंमत राहत नाही.

*ङ. आवाज.* शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे, पण ओरडून नाही. विचाराचं वाक्य आलं की नट आपोआप वरच्या पट्टीत जातात. त्या वाक्याला उलट खालच्या पट्टीत आणा आणि वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मी सही करणार नाही’ मधलं ‘नाही’ ऐकू आलं नाही तर नाटक उलटं होतं.

नेहमीच्या चुका:
– रडणं लवकर सुरू होतं. पात्र रडलं की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. रडू आवरणं खेळा.
– समोरच्याचं न ऐकता स्वतःच्या वाक्याची वाट पाहणं. उपाय: एका तालमीत, समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द मनात उच्चारल्याशिवाय बोलायचं नाही.
– महत्त्वाच्या वाक्याला प्रेक्षकाकडे वळणं. ते वाक्य ज्याला सांगायचंय तो रंगमंचावरच उभा आहे, त्याला सांगा.

टप्पा ५: शैली आता ठरवा

शैली इतक्या उशिरा का? कारण ती आधी आली की बाकीचं सगळं तिच्या मापानं कापलं जातं. वासुदेव आणायचाच म्हणून वासुदेव येतो, दोन फेऱ्या मारतो, निघून जातो.

स्वतःला विचारा: ही शैली असं काय सांगते, जे पात्रांना बोलून सांगता येणार नाही?

‘घाशीराम कोतवाल’मधली बारा ब्राह्मणांची मानवी भिंत आठवा. ती नाचते, गाते, उघडते, मिटते आणि तिच्या आड बरंच काही झाकलं जातं. सत्ता कुणाच्या आडून चालते हे एकाही पात्राला म्हणावं लागत नाही, कारण पडदाच माणसांचा आहे. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला माणूस स्वतःच्याच मरणावर कीर्तन लावतो. कीर्तनाचा प्रतिष्ठित घाट आणि चाळीतल्या मरणाची फजिती यांच्या घर्षणातूनच अर्थ निघतो. दोन्हीकडे शैली काढून घेतलीत तर विचारही जातो. ही खरी कसोटी.

आमच्या उदाहरणाला कुठली? वास्तववादी मांडणी चालेल, पण आणखी एक शक्यता आहे. मुकादम पूर्ण वेळ रंगमंचाच्या एका कोपऱ्यात वही घेऊन बसलेला. प्रसंगात त्याची गरज नसतानाही. घरात कुणीही काम सोडून बसलं, पोराला जवळ घेतलं, पाणी प्यायला थांबलं की तो वहीत एक रेघ मारतो आणि तोंडानं शांतपणे म्हणतो, ‘खाडा’. पहिल्या दोन-तीन वेळा प्रेक्षक हसतो. हसू द्या. पुढे शेवंता कळ येऊन खाली बसते तेव्हा तोच शब्द, त्याच आवाजात. मुकादमाच्या नटानं इथे आवाज बदलला, डोळे मोठे केले, तर सगळं फसलं.

या मांडणीला एक किंमत आहे: मुकादम घरात खरा आहे की मनातला, हा गोंधळ. म्हणून पहिल्या दोन मिनिटांतच नियम स्पष्ट करा. ‘खाडा’ कुणालाच ऐकू येत नाही, हे एकदा दाखवलं की पुरे. आणि मग तो नियम मोडू नका, फक्त शेवटी एकदा मोडता येतो: सही करताना शेवंता त्याच्याकडे वळते आणि तिला तो ऐकू येतो.

इशारे:
– एकाच एकांकिकेत भारूड, सावल्यांचा खेळ, मुखवटे आणि स्लो मोशन एकत्र आणू नका. एक नियम निवडा, तोच शेवटपर्यंत पाळा.
– लोककला घेणार असाल तर आधी ती शिका. गोंधळ्याच्या हातातलं संबळ नुसतं धरायला आणलेलं असेल तर पहिल्या रांगेतल्या जाणकाराला दिसतं.
– लाल प्रकाश म्हणजे हिंसा, निळा म्हणजे स्वप्न, हे आता बंद करा.

टप्पा ६: कात्री

संहिता आणि पेन्सिल घेऊन बसा. लेखक गटातलाच असेल तर त्याला चहा पाजून बसवा. तीन प्रकारच्या वाक्यांखाली रेघ ओढा: ज्यांत ‘समाज’, ‘व्यवस्था’, ‘आपण सगळे’ येतं, ज्यांत पात्र स्वतःची भावना स्वतःच समजावून सांगतं, आणि जी प्रसंग संपल्यावर त्याचा अर्थ सांगतात. त्यातली बहुतेक गेली पाहिजेत.

आमच्या उदाहरणात पहिल्या खर्ड्याचा शेवट असा असू शकतो: ‘बाईच्या शरीराची किंमत या व्यवस्थेत एका मोळीएवढीही नाही!’ टाळी नक्की. काढून टाका. त्या जागी हिशेब ठेवा:

शेवंता: महिन्याचे चार दिवस. सहा महिने. चोवीस खाडे.
मुकादम: कोयत्याचे म्हणायचे. मी बसले की हाही बसतो.
शेवंता: म्हंजे दुप्पट. (पॉज) मग पिशवी स्वस्त पडती.

यातल्या दुसऱ्या ओळीत एक ठरवून ठेवलेली खोच आहे: मुकादम तिचं नेहमीचं वाक्य तिच्याच शब्दांत म्हणून दाखवतो. हे चमत्कारिक वाटलं पाहिजे आणि कळलंही पाहिजे, म्हणून ‘मी बसले की हाही बसतो’ हे वाक्य शेवंताच्या तोंडी आधी एकदा येऊन गेलेलं असू द्या. ते आधी पेरायला विसरलात तर प्रेक्षकाला वाटेल नट चुकला.

तपासणी: कापलेल्या प्रत्येक वाक्याच्या जागी काही घालावंसं वाटलं, तर आधी कृती किंवा वस्तू शोधा. ती सापडली नाही तर जागा मोकळी ठेवा.

टप्पा ७: परक्या डोळ्यांची तालीम

रंगीत तालमीच्या निदान आठ दिवस आधी चार-पाच परक्या माणसांना बोलवा. नाटकवाले नकोत आणि गटाचे जिवलगही नकोत. कॉलेजचे शिपाईकाका, कॅन्टीन चालवणाऱ्या मावशी, दुसऱ्या शाखेची मुलं चालतील.

संपल्यावर ‘विषय कळला का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतील. हे विचारा: शेवटी काय झालं? तिनं तसं का केलं? तुम्ही तिच्या जागी काय केलं असतं? आणि कुठे कंटाळा आला?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी आली तर टप्पा ३ कच्चा आहे. दुसऱ्याला ‘मुकादम वाईट होता म्हणून’ असं उत्तर आलं तर टप्पा २ वर परत जा. तिसऱ्यावर दोन माणसं आपापसांत वाद घालू लागली, तर तिथेच तालीम थांबवा आणि त्यांना बोलू द्या. वाद ऐकताना नटांनी मधे पडायचं नाही, समजावून सांगायचं नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र निमूट मान्य करायचं. कंटाळा आला म्हणजे आला.

टप्पा ८: तांत्रिक तालीम

प्रकाश आणि संगीत आता. नियम एकच: नटानं जे केलंय तेच प्रकाशानं परत सांगायचं नाही. शेवंता खाली बसली की तिच्यावर स्पॉट घट्ट करून व्हायोलिन सुरू करणं म्हणजे एकच वाक्य दोनदा म्हणणं. सहीच्या क्षणी संगीत नको, वहीवर पेन घासल्याचा आवाज पुरेसा आहे, आणि तो ऐकू येण्याइतकी शांतता आधीच्या तीस सेकंदांत तयार करावी लागते. ब्लॅकआउटचा क्यू सहीवर देऊ नका. पेन खाली ठेवून ती राहिलेलं सामान बांधू लागते, मुकादम वही मिटतो, बाबू कोयता उचलतो, तेव्हा द्या.

घड्याळ लावून दोन सलग रन-थ्रू (मधे न थांबता पूर्ण तालीम) करा. प्रेक्षकांचा हशा आणि शांतता धरून प्रयोग तालमीपेक्षा दोन-तीन मिनिटं लांबतो, तेवढी जागा आधीच सोडा. वेळ कमी पडली तर हिशेबाचा प्रसंग भरभर उरकू नका, सुरुवातीची ओळखपाळख कापा.